इतर हक्कांचा रकाना

नांदेडच्या कोर्टात मी आयुष्यभर दिवाणी दावे चालवले. आमच्या भागात दिवाणी म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे वाटणी. भाऊ भावावर, पुतण्या चुलत्यावर, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिल्यापासून बहीणही भावावर दावा लावते. अशील येतो, पिशवीतून सातबारा, फेरफार, १९५४-५५ चे खासरा पत्रक, क्वचित निजामाच्या अमदानीतला उर्दू मुंतखब काढतो आणि टेबलावर पसरतो. पुढचे वाक्य ठरलेले असते : "साहेब, आमच्या हिश्श्याचं तेवढं बघा."

त्यातला एक दावा माझ्या डोक्यातून गेला नाही. जमीन महादेवाच्या देवळाची खिदमतमाश होती, म्हणजे सेवेपोटी दिलेले इनाम. मूळ माणसाने रोज सांजेला देवळात दिवा लावायचा, झाडलोट करायची आणि त्या बदल्यात ती जमीन कसून खायची. काही पिढ्या गेल्या, वारसांत तट पडले, प्रत्येकाने आपापली वंशावळ आणली. उलटतपासणीत मी एकाला विचारले, "देवळात दिवा कोण लावतो?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "लाईट आलीय की साहेब आता!" कोर्टात हशा पिकला. साक्षीदार खोटे बोलला नव्हता. जमिनीवर सगळ्यांनी हक्क सांगितला होता, दिव्यावर कोणी सांगितला नव्हता, इतकेच.

वारशाने माणसाला नेमके काय मिळते, हक्क की काम? हा प्रश्न कोर्टात येतो तेव्हा कायद्याचा दिसतो, पण मुळात तो धर्माचा आहे आणि त्यावरचा फार मोठा विचार आमच्या शेजारीच झालेला आहे. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली ती चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणीत, म्हणजे बीदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात. आमचे मूळ गाव निलंगा तालुक्यातले. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, त्यामुळे कल्याण आम्हाला परके नाही. मिताक्षरेचे सांगणे थोडक्यात असे : वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मताच लागतो, बापाच्या मरणाची वाट बघावी लागत नाही. बंगालकडचा भाग सोडला तर बहुतेक हिंदुस्थानाने हे मानले. वकिलांच्या किती पिढ्या या एका नियमावर जेवल्या!

पण शास्त्राने एका हाताने हक्क दिला तेव्हा दुसऱ्या हाताने ओझेही दिले होते. बापाने अनीतीसाठी काढलेले नसेल असे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हे त्याचे धर्मकर्तव्य. इंग्रजी अमदानीतली कोर्टेही ते मानत आली. त्याच्या मागे याहून जुनी कल्पना आहे : माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो. तैत्तिरीय संहितेत ती ब्राह्मणापुरती सांगितली आहे, पुढे सगळ्यांनाच लागू धरली गेली. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना हिस्सा दिला, हे फार आधी व्हायला हवे होते. त्याच दुरुस्तीने बापाच्या कर्जाची ती धार्मिक जबाबदारीही रद्द केली. सावकारीने पोखरलेल्या देशात तेही योग्यच म्हणावे लागेल. तरी कागदावर हिशेब असा उरला की हक्क वाढला आणि ऋण गेले.

मिताक्षरेनंतर शंभर वर्षांच्या आतच त्याच कल्याणीत बसवण्णा उभे राहिले. ब्राह्मण घरात जन्मलेला, कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारात मोठ्या अधिकारावर बसलेला हा माणूस. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे त्यांनी नाकारले आणि कष्टाचे काम हीच पूजा मानली. लातूर-नांदेडच्या लिंगायत घरांत आजही त्यांचे नाव घेतल्याशिवाय कार्य होत नाही. म्हणजे एकाच नगरीत दोन उत्तरे मिळाली. एक म्हणते, जन्माने मिळते. दुसरे म्हणते, जन्माने काहीच ठरत नाही. आपण बहुतेक जण सोयीप्रमाणे दोन्ही वापरतो. जमिनीच्या वेळी विज्ञानेश्वर, भाषणाच्या वेळी बसवण्णा.

या दोन उत्तरांच्या मध्ये एक अवघड जागा आहे. मोठ्या घरात जन्म झाला, तो काही पुसता येत नाही. घराचे नाव, शिक्षण, ओळखी, बोलण्यातला आत्मविश्वास, सगळे जन्मानेच मिळालेले. अशा माणसाने त्याचे करायचे काय? या प्रश्नाचा विचार करताना मला आप्पासाहेब पंत यांचे आयुष्य सगळ्यात उपयोगी वाटते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या फळीतले हे राजदूत. नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, ओस्लो, कैरो, लंडन, रोम एवढी ठिकाणे त्यांनी सांभाळली. आणि घराणे कोणते, तर औंधचे पंतप्रतिनिधी.

छत्रपती राजारामांच्या काळात परशुराम त्रिंबकांकडे प्रतिनिधिपद आले तेव्हापासूनचे हे घराणे. औंध संस्थान तसे चिमुकले, बहात्तर गावांचे, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. आप्पासाहेबांचे वडील भवानराव, लोकांचे बाळासाहेब, १९०९ मध्ये गादीवर आले. हे राजे चित्रे काढत आणि स्वतः कीर्तन करत. सूर्यनमस्कार तर त्यांचा ध्यासच होता. संस्थानच्या शाळांत मुलांना ते सक्तीचे होते आणि राजेसाहेब स्वतः म्हातारपणीही रोज घालत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती तेव्हा १९१० मध्ये कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला तो याच राजाने. वेदमूर्ती सातवळेकरांचे स्वाध्याय मंडळ औंधातच बहरले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत भवानराव पहिल्यांपैकी. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

अशा घरात १९१२ मध्ये आप्पासाहेबांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत आले. इथपर्यंत ही कथा त्या काळच्या कुठल्याही संस्थानी राजपुत्राची आहे. पुढे असा माणूस शिकार, मोटारी आणि मुंबईचा बंगला यांत विरघळायचा. इथे मात्र बाप आणि मुलगा यांनी मिळून वेगळाच बेत केला. सोबत मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा यहुदी इंजिनिअर होता. हा बंगळूरच्या सरकारी वीजसामानाच्या कारखान्यात नोकरीला आला, रमण महर्षींच्या पायाशी बसला, भगवी वस्त्रे घेऊन भारतानंद झाला आणि गांधीजींसाठी त्याने धनुष तकली घडवली. हे तिघे गांधीजींकडे गेले आणि राज्य प्रजेच्या हाती कसे द्यावे याचा सल्ला घेऊन आले. १९३८ च्या अखेरीस भवानरावांनी सत्ता सोडण्याची घोषणा केली, जानेवारी १९३९ मध्ये औंधची घटना अमलात आली. गावातल्या प्रौढ स्त्री-पुरुषांनी पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून विधिमंडळ. गावचे तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. औंधात वकिलांना फार काम उरले नसावे, हे मी असूयेने नाही, आदराने म्हणतो.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांचे कैदी, पण भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करायची, कुटुंबासह राहायचे. 'दो आँखें बारह हाथ' या शांतारामबापूंच्या चित्रपटाला तिथूनच बीज मिळाले. ती वसाहत आजही चालू आहे.

आता हेच वर्ष आमच्याकडे आणून बघा. १९३८ च्या सप्टेंबरात निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, संघटना नीट जन्मायच्या आधीच. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. बहात्तर गावांचा राजा सत्ता देऊन टाकत होता आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गणला जाणारा राजा सभा भरवायचीही परवानगी देत नव्हता. औंध ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात शांतपणे विलीन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, आमच्याकडे फौज आणावी लागली. त्या मधल्या काळात नांदेड, लातूर, उस्मानाबादच्या गावांनी काय भोगले ते ज्यांच्या घरी घडले त्यांना सांगायला नको. दोघेही राजे आपापल्या परीने धर्मनिष्ठच होते. फरक श्रद्धेत नव्हता. गादी ही आपली मिळकत आहे की आपल्याकडे सोपवलेले काम, या एका समजुतीत होता.

आप्पासाहेबांची परीक्षा खरे तर राज्य गेल्यावर सुरू झाली. नेहरूंनी १९४८ मध्ये त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. तिथे गोरे वरच्या पायरीवर, हिंदी दुकानदार मधल्या आणि आफ्रिकी माणूस तळाला. भारताच्या प्रतिनिधीने हिंदी व्यापाऱ्यांचे हित बघावे, मेजवान्या द्याव्यात, एवढीच अपेक्षा होती. पंतांनी जोमो केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांशी मैत्री जोडली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या आणि हिंदी लोकांना सांगत राहिले की तुमचे भवितव्य इथल्या माणसांबरोबर आहे. गांधींच्या स्मारकासाठी तिथल्या हिंदी लोकांनी पैसा जमवला, त्यातून सर्व वंशांना खुली असलेली शिक्षणसंस्था उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आजच्या नैरोबी विद्यापीठाच्या मुळाशी ती आहे. १९५२ मध्ये केनियात आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांवर खटला चालला, त्यांच्या बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवले. गोऱ्या वसाहतवाल्यांना पंत डोळ्यांत खुपू लागले आणि इंग्रज सरकारच्या नाराजीमुळे १९५४ मध्ये त्यांना तिथून हलावे लागले.

१९५५ पासून सहा वर्षे ते गंगटोकला होते, सिक्कीम, भूतान आणि तिबेटचे व्यवहार सांभाळत. १९५६ मध्ये बुद्ध जयंतीसाठी दलाई लामा भारतात आले ते सिक्कीमच्याच वाटेने. १९५८ मध्ये नेहरू चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले, तेव्हा पंत सोबत होते. पुढे जाकार्ता. तिथे १९६२ च्या आशियाई खेळांच्या वादात जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. कैरोत असताना १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध झाले. लंडनला उच्चायुक्त असताना, जानेवारी १९७२ मध्ये, पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले शेख मुजीब तिथे उतरले, त्यांना भेटायला पंत गेले. या सगळ्या धामधुमीत त्यांचे सूर्यनमस्कार आणि ध्यान चालू होते. त्यांनी पुस्तके लिहिली त्यांत राजकारणाइतकीच साधनाही आहे. एक पुस्तक सूर्यनमस्कारांवर, तर एक वडिलांवर आणि औंधच्या प्रयोगावर.

वाचकाच्या मनात एक आक्षेप एव्हाना आला असेल, तो माझ्याही मनात आहे. राजपुत्राला हे सोपे होते. ऑक्सफर्ड बापाच्या पैशावर झाले. नेहरूंची नजर त्यांच्यावर गेली ती घराण्यामुळेही गेली असणार. पोटाची चिंता नसलेल्याने निष्काम कर्म सांगायचे आणि सालगड्याने ऐकायचे, हा आपल्या धर्मविचारातला जुना दोष आहे. आज परराष्ट्र सेवेत माणूस परीक्षेतून जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावातून निघालेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ च्या तुकडीतून या सेवेत शिरले आणि न्यूयॉर्कला भारताचे महावाणिज्यदूत झाले. त्यांच्यामागे संस्थान नव्हते. मग पंतांच्या आयुष्याला एवढे महत्त्व का द्यायचे?

आक्षेप अर्धा खरा आहे. सोपे होते, हे मान्य. पण सोपे असूनही ते किती जणांनी केले? पाचशेहून जास्त संस्थाने होती. त्यांतल्या राजपुत्रांची यादी करा आणि सत्ता कोणी मागायच्या आधी सोडणारे शोधा, बोटे पुरून उरतील. शिवाय वारसा फक्त राजाला असतो, ही समजूतही तपासायला हवी. गरिबाच्या पोरालाही कोणीतरी शिकवलेले असते. आईने दागिना मोडलेला असतो, थोरल्या भावाने शाळा सोडलेली असते, गावच्या मास्तरांनी फी भरलेली असते. आमच्या लातूरच्या शिकवण्यांतून दरवर्षी डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्या मुलांमागे कितीतरी एकरांचे व्यवहार झालेले मी कागदोपत्री पाहिले आहेत. त्या मुलांपैकी कोणी म्हणाला की मी हे सगळे स्वतःच्या हिमतीवर मिळवले, तर तो त्या राजपुत्रापेक्षा मोठा कर्जबुडव्या ठरेल.

सातबाऱ्यावर मालकाचे नाव मोठे दिसते आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. अनुभवी वकील आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचतो. कुळाचा हक्क, बँकेचा बोजा, शेजाऱ्याची वहिवाट, विहिरीतला दुसऱ्याचा हिस्सा, सगळे तिथे लिहिलेले असते. जन्माने मिळालेल्या मोठेपणाचाही असाच रकाना असतो, फक्त तो भरून द्यायला तलाठी नसतो. ज्याचा त्याने भरायचा. भवानरावांनी आणि आप्पासाहेबांनी तो भरला, म्हणून ते वाचण्यासारखे.

माझे आजोबा पटवारी होते. वतन वंशपरंपरेचे, दप्तर लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले. घरात कोणी त्या रुमालाला पाय लावला तर देवाला पाय लागल्यासारखे नमस्कार करायला लावत. वतन गेले तेव्हा त्यांनी दप्तर तलाठ्याच्या ताब्यात दिले, पोच घेतली आणि घरी येऊन जेवले. त्यानंतर मरेपर्यंत गावातले कोणी अर्ज लिहून घ्यायला आले की ते पैसे घेत नसत. वतन होते तेव्हा घेत असत. मी एकदा विचारले तर म्हणाले, "तवा हक्क व्हता बाबा. आता नुस्तं काम राह्यलंय." वेदान्ताची पुस्तके मी पुढे पुष्कळ वाचली. कर्मयोगाची याहून साफ व्याख्या मला त्यांत सापडली नाही.

नांदेडमध्ये राहणाऱ्याला या प्रश्नाचे सगळ्यात कठोर उत्तर गोदावरीच्या काठीच सापडते. गुरू नानकांना दोन मुलगे होते, श्रीचंद आणि लखमीदास. गुरुपद त्यांनी दोघांनाही दिले नाही, शिष्य लहणा यांना दिले, तेच गुरू अंगद. पुढे चौथे गुरू रामदास यांच्यापासून पद त्यांच्या कुळात राहिले. दहावे गुरू गोविंदसिंहजी यांच्या वडिलांनी, गुरू तेगबहादुरांनी, १६७५ मध्ये दिल्लीत बलिदान केले. त्यांचे स्वतःचे चारही पुत्र त्यांच्या हयातीत गेले, दोन चमकौरच्या लढाईत आणि दोन सरहिंदला. १७०८ मध्ये नांदेडला त्यांनी देह ठेवला, त्याआधी गुरुपद कोणाही माणसाला न देता ग्रंथाला दिले. योग्य शिष्य मिळाला नसता असे नाही. १६९९ मध्ये पंचप्याऱ्यांना अमृत देऊन नंतर त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेणारे हे गुरू. गुरूच शिष्यापुढे ओंजळ धरतो, तिथे गादीवर कोणी बसण्याचा प्रश्नच संपतो. माणसामाणसांतली गुरुगादी बंद झाली आणि तो वारसा वाचेल त्याचा झाला.

याच्या दुसऱ्या टोकाला संन्यास. जुन्या हिंदू कायद्यात संन्यास म्हणजे नागरी मृत्यू. संन्याशाला वडिलार्जित मिळकतीत वारसा उरत नाही. व्यंकटेश खेडगीकरांनी तो घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांत मुलांना शिकवणारा हा संन्यासी हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा नेता झाला. म्हणजे स्वतःचा हिस्सा सोडला आणि दीड कोटीहून जास्त लोकांचा हिस्सा मागायला उभा राहिला. आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पदवी घेणाऱ्या किती मुलांना हे माहीत असते, कोण जाणे.

मधल्या वाटेवर आप्पासाहेबांच्या जोडीला मला एकच माणूस ठेवावासा वाटतो. तो स्वीडनचा. डाग हॅमरशोल्ड, संयुक्त राष्ट्रांचे दुसरे सरचिटणीस. जन्म १९०५ चा. वडील ह्यालमार पहिल्या महायुद्धात स्वीडनचे पंतप्रधान होते आणि अन्नटंचाईमुळे लोकांच्या रोषाला पात्र ठरले. ते प्रांताचे राज्यपालही असल्याने डागचे बालपण उप्सालाच्या किल्ल्यात गेले. अर्थशास्त्राची डॉक्टरेट, अर्थखात्यात सचिव, मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष, मग परराष्ट्र खाते, आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्क. त्याच वर्षी एका रेडिओ कार्यक्रमात त्यांनी आपल्या श्रद्धेबद्दल सांगितले ते घराण्याच्या हिशेबाने. वडिलांकडच्या पिढ्या सैनिकांच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या, त्यांच्याकडून निःस्वार्थ सेवेची निष्ठा आली. आईकडच्या पिढ्या विद्वानांच्या आणि धर्मोपदेशकांच्या, त्यांच्याकडून सगळी माणसे देवाची सारखीच लेकरे हा विश्वास आला. आपले काय, असे विचारले तर त्यांनी हे दोन बोजे दाखवले, मालकी दाखवली नाही.

वडील वारल्यावर स्वीडिश अकादमीतली त्यांचीच खुर्ची डागना मिळाली. तिथला रिवाज असा की नव्या सभासदाने आधीच्या सभासदावर भाषण करायचे. लोकांनी ज्याला नावे ठेवली त्या बापाबद्दल मुलाला १९५४ मध्ये भर सभेत बोलावे लागले. पितृऋण फेडण्याची याहून अवघड रीत माझ्या ऐकिवात नाही. आप्पासाहेबांनी वडिलांवर पुस्तक लिहिले, यांनी भाषण केले. दोघांनीही बापाला देव केले नाही आणि टाकलेही नाही.

१८ सप्टेंबर १९६१ ला काँगोच्या तहासाठी जाताना एन्डोलाजवळ विमान कोसळून हॅमरशोल्ड गेले. न्यूयॉर्कच्या घरात एक वही सापडली. सोबतच्या पत्रात त्यांनी तिला, मुत्सद्द्याच्याच भाषेत, स्वतःशी आणि देवाशी चाललेल्या वाटाघाटींची श्वेतपत्रिका म्हटले होते. ती वही १९६३ मध्ये छापली गेली. लोक चकित झाले, कारण जगाच्या राजकारणाचा सगळा इतिहास जवळ असून त्यात राजकारण जवळजवळ नाहीच. आहे तो एकच तपास : मी जे करतो आहे ते कोणासाठी?

आपल्याकडे गीता हेच सांगते, आणि ईशावास्याचा पहिला मंत्रही. सगळे ईश्वराने व्यापलेले आहे, तेव्हा सोडून भोगा, दुसऱ्याच्या धनाची हाव धरू नका. गांधीजींना तो मंत्र सगळ्या हिंदू धर्माचे सार वाटे आणि विश्वस्तपणाचा त्यांचा सारा विचार त्यातूनच येतो. पण मंत्राचा अर्थ मंत्राने कळत नाही. राज्य देऊन टाकणाऱ्या बापाजवळ उभा राहिलेला मुलगा दिसला, किंवा लिहिण्याचे पैसे नाकारणारा निवृत्त पटवारी दिसला, तर कळतो.

माझे मत आता पक्के आहे. वारसा नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही, तो नाकारता येतच नाही. त्याचा अभिमान बाळगण्यात तर त्याहून नाही, कारण मिळवायला आपण काही केलेले नसते. जे मिळाले ते आपल्यापाशी थांबले की पुढे गेले, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते. पुढे म्हणजे आपल्याच पोरांपर्यंत नाही. ज्यांचा आपल्याशी रक्ताचा संबंध नाही त्यांच्यापर्यंत.

माझ्याकडे अजूनही लोक मृत्युपत्र करायला येतात. कोणाला काय द्यायचे, याची यादी ते घरूनच करून आणतात. हल्ली मी त्यांना सांगतो की शेवटी एक परिच्छेद वाढवा, आणि वाचकांनाही तेच सांगतो. आपल्याला कोणी शिकवले, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या कष्टावर आपण उभे राहिलो, त्यातले काय फिटले आणि काय राहिले, हे नावानिशी लिहा. राहिलेले काम मुलांच्या नावे करा. कायदा ते मुलांवर बंधनकारक धरणार नाही, हे वकील म्हणून मला सांगितलेच पाहिजे. तरीही लिहा.